दावा निधीचे खजिनदार

मानसिंग रणभिसे यांना सोलापुरात निम्मे लोक 'बुकिंगवाले रणभिसे' म्हणत. रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं सोलापूर स्टेशनावर. मूळ गाव केम. वडील तिथं लाईनवर गँगमन होते. आजोबांच्या वेळेपासून घर ख्रिस्ती, पण गावातल्या इतर घरांसारखंच साधं, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेलं. बोलणं कमी, आवाज खालचा. चिडले की चष्मा काढून रुमालानं पुसत बसायचे, एवढीच खूण.

त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई आमच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मी त्यांच्या हाताखाली गणित शिकवत होते. त्यामुळे पुढं जे घडलं त्यातलं बरंच मी डोळ्यांनी पाहिलं, आणि जे घरात घडलं ते बाईंनी नंतर सांगितलं. बाई स्वतः त्याच शाळेच्या बोर्डिंगमध्ये वाढलेल्या. आई-वडील लहानपणीच गेले, एका मिशनरी मडमेनं त्यांना बार्शीकडून आणलं, आणि तेव्हापासून ते आवार सुटलं नाही. लग्न झालं तेव्हाही सासर म्हणजे काय, तर सात रस्त्यापाशी दोन खोल्या, शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

शाळा, बोर्डिंग आणि शेजारचा दवाखाना हे तिन्ही परदेशी मिशनरी लोकांनी सुरू केलेले. ते लोक एकेक करून मायदेशी गेले तेव्हा जाताना व्यवस्था लावून गेले. आमच्या दक्षिण दख्खन ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे या भागातल्या आमच्या सगळ्या चर्चचा, कारभार पाहायला एक परिषद. शाळा-दवाखाना चालवायला वेगळी नोंदणी केलेली संस्था, तिची वेगळी कमिटी. पण त्या कमिटीत बहुतेक माणसं परिषदेनंच नेमायची असा नियम होता. म्हणून नावं दोन असली तरी घर एकच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

एकाहत्तर साली कमिटीनं एका बैठकीत तो नियमच बदलला. यापुढं परिषदेची दोनच माणसं, बाकीची कमिटी आपली आपण निवडील. कमिटीचं म्हणणं असं की परिषदेतले लोक दवाखान्याच्या उत्पन्नातून पाळकांचे पगार काढतात, भाच्या-पुतण्यांना नोकरीला चिकटवतात, अशानं संस्था बुडेल. ते अगदीच खोटं नव्हतं. परिषदेचं म्हणणं असं की या जमिनी, या इमारती मंडळीच्या लेकरांसाठी दिल्या होत्या. उद्या कमिटी मोकळी झाली तर बोर्डिंग बंद करून शहरातल्या पैसेवाल्यांची शाळा काढील, रस्त्याकडची जमीन विकील. तेही खोटं म्हणता येत नव्हतं, कारण जमिनीचे भाव विचारायला माणसं येऊन गेली होती.

दोन-तीन बैठका झाल्या, हातघाईवर येण्याइतपत भांडण झालं, आणि परिषदेनं कोर्टात जायचं ठरवलं.

परिषदेचे अध्यक्ष म्हणजे आमच्या सोलापूरच्या चर्चचे पाळक, रेव्हरंड जोतीराम भांबळ. उंच, भारदस्त, उपदेशाला उभे राहिले की मागच्या बाकापर्यंत ऐकू जाई. ते मानसिंगरावांना बरोबर घेऊन वकिलाकडे गेले. वकील वेणीमाधव मोहोळकर यांचं ऑफिस सात रस्त्याजवळ सायकलच्या दुकानावर होतं. त्यांनी सगळे कागद वाचले आणि म्हणाले, "केस बरी आहे. पण एक सांगतो. खालच्या कोर्टात तुम्ही जिंकलात तर ते वर जातील, ते जिंकले तर तुम्ही जाल. शिवाय धर्मादाय कचेरीचं पुण्याला वेगळं. पैसा कुठून आणणार ते ठरवून या. मध्येच खिसा रिकामा झाला तर न लढलेलं बरं."

परदेशातल्या बोर्डाला लिहिलं. तिकडून उत्तर आलं की आम्ही प्रार्थना करू, पण भावाभावांच्या भांडणाला पैसे देणार नाही. मग परिषदेनं दावा निधी काढला. गावोगावच्या मंडळ्यांनी वर्गणी द्यायची, नोकरदारांनी पगारातून काही हिस्सा द्यायचा. खजिनदार कोण, याच्यावर फार चर्चा झाली नाही. मानसिंगराव नुकतेच निवृत्त झालेले, गावाकडच्या लोकांना माहीत असलेले, आणि जन्मभर दुसऱ्याचे पैसे हाताळून ज्यांच्यावर कधी बोट उठलं नाही असे. त्यांनी एकच अट घातली.

"पावतीवर 'दाव्यासाठी' असं छापायचं. आणि ज्या कामाला घेतले त्याच कामाला जातील. नंतर कुणी म्हणालं, पाळकवाड्याचं छप्पर गळतंय, तर मी एक रुपया काढणार नाही."

"तसंच होईल, भाऊ," पाळकसाहेब म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी बाईंना सांगितलं. बाई वह्या तपासत होत्या.

"म्हणजे माझ्या शाळेवर फिर्याद करायला आता माझ्याकडेच वर्गणी मागणार?"

"शाळेवर नाही. कमिटीवर."

"कोर्टात नाव कुणाचं लागणार आहे? साक्षीला कुणाला बोलावतील? मलाच ना?" बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही. नियम बदलला तो मलाही आवडलेला नाही. पण मी तिथं नोकरी करते. मुली सकाळी उठून प्रार्थनेला उभ्या राहतात, तेव्हा कमिटी कुणाची हे त्यांना ठाऊक नसतं. मी वर्गणी देणार नाही."

"देऊ नकोस," मानसिंगराव म्हणाले. "पण मी काम सोडणार नाही."

"सोडा असं मी म्हटलंच नाही."

त्यानंतर जेवताना दाव्याचा विषय काढायचा नाही असं दोघांनी न बोलता ठरवलं. रविवारी चर्चमध्ये दानाची पिशवी फिरे तेव्हा बाई नेहमीचं दान टाकत. दाव्याची वेगळी पेटी दाराशी ठेवलेली असे, तिच्यापुढून त्या सरळ निघून जात. लोक बघत. पेटीमागं त्यांचेच यजमान बसलेले.

तिकडे कमिटीलाही वकील द्यायचा होता. त्यांनी दवाखान्याच्या केसपेपरचे पैसे वाढवले आणि शाळेत इमारत फी सुरू केली. आमच्याच लोकांनी इकडे वर्गणी द्यायची आणि तिकडे फी. तेव्हा ते आम्हाला इतकं स्पष्ट दिसलं नाही. जो तो आपली बाजू खरी म्हणण्यात गुंतला होता.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. सोलापूर जिल्ह्यात आधीचं सालही वाईटच गेलं होतं, यंदा तर पेरलेलं उगवलंच नाही. दिवाळीनंतर गावं रिकामी होऊ लागली. माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामाला. रेशनवर लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळू लागला, त्याची भाकरी थापताना तुटायची. अशा दिवसांत परिषदेचं मानसिंगरावांना सांगणं आलं की सांगोला भागातली वर्गणी राहिली आहे, पुढची तारीख जवळ आली, जाऊन या.

ते एस.टी.नं सांगोल्याला गेले आणि तिथून चालत एका वस्तीवर. वस्तीवर आमची बारा-पंधरा घरं. बाप्ये आणि बाया सगळे खडीच्या कामावर होते, म्हणून ते तिथंच गेले. दुपारच्या सुट्टीत लोक बाभळीच्या विरळ सावलीत बसले होते. त्यांनी मंडळीचा निरोप सांगितला. मथुराबाई म्हणून एक म्हातारी होती, हाताला चिंध्या बांधलेल्या. ती म्हणाली,

"दादा, हे पैसं कशापायी म्हनायचं?"

"मंडळीनं कोर्टात दावा लावलाय. वकिलाला द्यायला."

"कुनावर दावा?"

मानसिंगरावांना 'संस्था' हा शब्द तिथं उच्चारवेना. गावाकडं आले की त्यांची बोली आपोआप केमची होई. "सोलापूरची शाळा हाय न्हवं, बोर्डिंगची? तिची कमिटी हाय, तिच्यावर."

"आमची गोदी तितंच हाय की!" मथुराबाई म्हणाली. "माज्या ल्येकाची पोर. दोन वक्ताला जेवती म्हून तर धाडली तिला. हितं काय हाय? टँकर आला तर पानी. मग ती जितं जेवती, त्या घरावर आमी कोर्टात जायाचं व्हय?"

त्यांनी समजावून सांगितलं. नियम काय होता, कसा बदलला, पुढं बोर्डिंग बंद होण्याची भीती कशी आहे. म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुमी म्हनताय ते खरं असंल. आमाला त्यातलं कळत न्हाय. मंडळीचं काम म्हनता, तर घ्या." तिनं कनवटीची गाठ सोडली आणि खडीच्या पगारातले पैसे पुढं केले. बाकीच्यांनीही मग काढले.

मानसिंगरावांनी ते घेतले. नको म्हणणं म्हणजे त्या लोकांचा अपमान झाला असता, असं त्यांना वाटलं. पावत्या फाडून दिल्या. पण घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदाच जेवताना दाव्याचा विषय काढला आणि बाईंना ही हकीकत सांगितली. बाईंनी एवढंच विचारलं, "गोदी म्हणजे पाचवीतली गोदावरी का? दात पुढं आहेत ती?"

"मला काय ठाऊक?"

"तीच. सांगोल्याची ती एकच आहे."

फेब्रुवारीत गोष्टी चिघळल्या. कमिटीच्या खात्यावर सह्या कुणाच्या चालायच्या, यावर परिषदेनं बँकेला नोटीस दिली की आमच्या नेमणुकीशिवायच्या कमिटीला पैसे दिलेत तर जबाबदारी तुमची. कमिटीनं उलट नोटीस दिली. बँकेनं दोघांची पत्रं फायलीला लावली आणि कोर्टाचा हुकूम येईपर्यंत खातं थांबवलं. शिक्षण खात्यानंही अनुदान कुणाच्या हाती द्यायचं म्हणून ते अडकवून ठेवलं. आमचे पगार बंद झाले. दवाखान्याला रोजच्या रोख पैशांवर कसंबसं चालता येत होतं. बोर्डिंगला रोख कुठली? गावाकडून येणारी धान्याची मदत तर दुष्काळामुळे केव्हाच आटली होती.

बोर्डिंगची स्वयंपाकीण ईरम्मा अक्कलकोटकडची. एका सकाळी ती शाळेच्या ऑफिसात येऊन उभी राहिली. "बाई, हिट्टु संपलं. पीठ न्हाय. उद्याचं काय ते सांगा."

सरोजिनीबाई मला बरोबर घेऊन मंगळवार पेठेत बसलिंगप्पांकडे गेल्या. त्यांच्या आडतीतून कित्येक वर्षं बोर्डिंगला ज्वारी येत होती. बसलिंगप्पांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला, पण गोष्ट स्पष्ट बोलले.

"बाई, तुमच्यावर माझा विश्वास हाय. पण बिल कुणाच्या नावानं करू सांगा की. परिषदवाल्याकडं गेलो, ते म्हणाले कमिटीकडं जा. कमिटीकडं गेलो, ते म्हणाले परिषदेनं खातं बंद केलं, त्यांना विचार. मागचंच येणं हाय. आता माल तरी कुठं मिळतोय?" तरी त्यांनी दोन पोती गाडीवर चढवून दिली. "ही तुमच्या नावानं. पुढं मला अडचण हाय."

त्या संध्याकाळी बाईंनी घरी विषय काढला. हे संभाषण त्यांनी मला पुढं इतक्या वेळा सांगितलं की मी तिथंच होते असं वाटतं.

"तुमच्याकडे निधी आहे ना?"

मानसिंगरावांनी चष्मा काढला. "तो दाव्याचा आहे, सरोज."

"दाव्यामुळेच मुली उपाशी राहणार आहेत."

"ते मला कळतंय. पण लोकांनी दाव्यासाठी दिलेत. मी आपल्या मनानं दुसरीकडे वळवले, तर कमिटीनं आपल्या मनानं नियम बदलला त्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? चांगल्या कामासाठीच करतोय, असं तेही म्हणतात."

बाईंनी समोरच्या वह्या बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "मग ज्यांनी दिले त्यांनाच विचारा."

मानसिंगराव आधी पाळकसाहेबांकडे गेले. रेव्हरंड भांबळांना स्वतःला कित्येक महिने पूर्ण पगार नव्हता, चेहरा ओढला होता. मानसिंगरावांनी बोर्डिंगची परिस्थिती सांगितली आणि म्हणाले, निधीतून धान्य भरायची परवानगी परिषदेनं द्यावी.

"भाऊ, बोर्डिंग चालवणं ही कमिटीची जबाबदारी. त्यांना अडचण व्हावी म्हणून तर बँकेला लिहिलं. आणखी थोडी कळ काढा. ते आपण होऊन तडजोडीला येतील. आत्ता आपणच धान्य पुरवलं तर त्यांना लढायला बळ मिळेल."

"आणि तोवर मुली?"

"मुली आपल्याही आहेत. मला वाईट वाटत नाही असं समजू नका." पाळकसाहेब थांबले. "पण हा दावा हरलो तर बोर्डिंगच राहणार नाही. मग किती मुली उपाशी राहतील, त्याचा विचार करा."

त्या म्हणण्यात तथ्य होतं, हे मानसिंगरावांनी बाईंजवळ कबूल केलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पावतीपुस्तकं पिशवीत घालून निघाले आणि जिथून जिथून वर्गणी घेतली होती त्या प्रत्येक मंडळीत गेले. करमाळा, केम, बार्शी, सांगोला. कुठं एस.टी., कुठं रेल्वे, कुठं पायी. प्रत्येक ठिकाणी लोक जमवून एकच सांगत. "तुम्ही हे पैसे दाव्याला दिलेत. बोर्डिंगचं धान्य संपलंय. तुम्ही हो म्हणाल तर तुमचे पैसे धान्याला लावतो. नाही म्हणाल तर दाव्याला. मला दोन्ही चालेल. पण बोला."

सगळे हो म्हणाले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या गावात, केमला, मंडळीचा एक वडील माणूस ताडकन उठला. "आमी दाव्याला दिलं. मिशनची जिमीन व्हती, ती आमच्या बापजाद्यांच्या नावानं व्हती असं समजा. ती वाचवायला दिलं. तुमच्या बायकूच्या शाळेला न्हाय." सभेत कुजबुज झाली. मानसिंगरावांनी वाद घातला नाही. "तुमचे पैसे दाव्यालाच जातील," म्हणाले, आणि ते वेगळे ठेवले. आपल्याच गावानं नाही म्हटलं याचं त्यांना लागलं. त्या दिवशी ते चुलतभावाच्या घरी न जेवताच स्टेशनावर येऊन बसले होते.

सांगोल्याच्या वस्तीवर मात्र फार बोलावं लागलं नाही. मथुराबाई म्हणाली, "आदीच तसं करायचं की, दादा. एवढं हेलपाटं कशाला मारलंत?"

सगळ्यात अवघड सोलापूर. रविवारी उपासना संपल्यावर आशीर्वाद व्हायच्या आधी मानसिंगराव उठून पुढं गेले आणि पाळकसाहेबांकडे पाहून म्हणाले, "मला दोन मिनिटं बोलायचंय." पाळकसाहेबांनी नको म्हटलं असतं, पण सगळी मंडळी पाहत होती. मानसिंगरावांनी गावोगावी सांगितलं तेच सांगितलं. आवाज इतका खाली की मागचे लोक 'मोठ्यानं, मोठ्यानं' म्हणून ओरडले. त्यांनी पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

मग जो गोंधळ झाला तो आमच्या चर्चमध्ये ना आधी झाला ना नंतर. कुणी म्हणालं खजिनदार कमिटीला फितूर झाला. कुणी म्हणालं बायकोच्या नोकरीसाठी चाललंय सगळं. परिषदेतले एक गृहस्थ बाकावर उभे राहून पोलिसात देण्याच्या गोष्टी करू लागले. माझ्या शेजारी सरोजिनीबाई बसल्या होत्या. त्या मान खाली घालून मांडीवरच्या हातांकडे बघत राहिल्या. शेवटी हात वर करायला सांगितलं तेव्हा शहरातल्या बहुतेकांनी दाव्याच्या बाजूनं हात केले. मी धान्याच्या बाजूनं केला. बाईंनी कोणत्याच बाजूनं केला नाही. त्यांनी वर्गणी दिलीच नव्हती, म्हणून आपल्याला हक्क नाही असं त्यांचं मत.

मानसिंगरावांनी ठरल्याप्रमाणे केलं. सोलापूरचे आणि केमचे पैसे पाळकसाहेबांच्या हाती देऊन पावती घेतली. बाकी गावांचे पैसे बसलिंगप्पांच्या आडतीत भरले, मागची बाकी थोडी फेडली आणि जे मिळालं ते धान्य, बरंचसं मिलोच, बोर्डिंगला आणलं. त्याच आठवड्यात परिषदेनं त्यांना खजिनदारपदावरून काढलं. नुसतं काढून थांबले नाहीत, अफरातफरीची नोटीस द्या म्हणून मोहोळकर वकिलांना सांगितलं.

मोहोळकरांनी नोटीस दिली नाही. त्यांनी पाळकसाहेबांना ऑफिसात बोलावलं. मानसिंगरावांनाही बोलावलं. दोघं समोरासमोर बसले.

"नोटीस द्यायला काही हरकत नाही," वकील म्हणाले. "पण ज्यांनी पैसे दिले ते सगळे कोर्टात येऊन सांगतील की आम्ही हो म्हणालो. आणि मग समोरचा वकील विचारील, खातं कुणाच्या पत्रामुळे थांबलं? मुलींच्या तोंडचं अन्न कुणी अडवलं? त्यानंतर न्यायाधीशांना तुमचा मूळ मुद्दा ऐकावासा वाटेल का? मी तुमचा वकील आहे म्हणून सांगतो. तुमचं नुकसान या माणसानं केलेलं नाही. बँकेला दिलेल्या त्या नोटिशीनं होणार आहे."

"ती नोटीस तुम्हीच लिहून दिली होती," पाळकसाहेब म्हणाले.

"दिली होती. माझंही चुकलं. बोर्डिंगचा खर्च वगळायला हवा होता." मोहोळकरांनी तिथंच अर्जाचा मसुदा सांगायला सुरुवात केली. जेवणखर्च आणि पगार यांच्यापुरतं खातं मुख्याध्यापिका आणि कोर्टानं नेमलेला एक माणूस यांच्या सहीनं चालावं. समोरच्या वकिलाची हरकत येणार नव्हती, कारण कमिटीचेही हाल चाललेच होते.

हुकूम व्हायला वेळ लागलाच. तोवर आणलेलं धान्य पुरं पडलं नाही. मानसिंगराव सकाळी उठून रेशनच्या रांगेत उभे राहत, आम्ही शिक्षिका आळीपाळीनं ईरम्माला मदत करायला जात असू. गावी जाण्यासारखं काही नसल्यामुळे सुट्टीतही मुली बोर्डिंगमध्येच राहिल्या. एका वेळेला भाकरी आणि दुसऱ्या वेळेला पातळ कालवण, असे कित्येक दिवस गेले. पण बोर्डिंग बंद झालं नाही. पावसाळा लागता लागता खातं मोकळं झालं आणि आम्हाला साचलेले पगार मिळाले. बाईंनी आपल्या पगारातून बसलिंगप्पांची दोन पोत्यांची बाकी भागवली.

बाईंनाही सुटका नव्हती. विरुद्ध पक्षाच्या निधीतून परस्पर धान्य घेतलं म्हणून कमिटीनं त्यांना मेमो दिला आणि त्यांची वेतनवाढ रोखून धरली. परिषदवाले त्यांना कमिटीच्या समजत, कमिटी त्यांना परिषदेच्या. बाईंनी मेमोला चार ओळींचं उत्तर दिलं की मुलींना जेवू घालणं माझं काम आहे, धान्य कुणाचं हे विचारत बसले नाही.

दावा पुढं तीन वर्षं चालला. पुण्याच्या खेपा, तारखा, नव्या वर्गण्या. हळूहळू वर्गणी येईनाशी झाली. कमिटीचा मोठा आधार असलेले दवाखान्याचे डॉक्टर आजारी पडले. शहात्तर साली दोन्ही बाजूंनी तडजोड केली: निम्मी माणसं परिषदेची, निम्मी संस्थेची, अध्यक्ष बाहेरचा. जमीन विकायची तर दोघांची संमती हवी. मोहोळकर नंतर म्हणाले की अशी तडजोड पहिल्याच महिन्यात होण्यासारखी होती. बोर्डिंग चालू राहिलं, दवाखानाही राहिला. कोण जिंकलं हे कुणालाच सांगता आलं नाही.

मानसिंगरावांना मंडळीनं परत कोणत्याही पदावर घेतलं नाही. ते दर रविवारी येत, मागच्या बाकावर बसत. काही घरं त्यांच्याशी बोलेनाशी झाली ती झालीच. लग्नाची पत्रिका येई पण कुणी न्यायला येत नसे. त्यांना वाईट वाटे का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "वाटतं. पण त्या वेळी घरी बसलो असतो तरी वाटलंच असतं. दोन्हीतलं कमी कुठलं, ते मला अजून सांगता येत नाही."

सत्त्याहत्तरमध्ये रेव्हरंड भांबळांची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते कुणालाही न सांगता सात रस्त्याजवळच्या त्या दोन खोल्यांत आले. मी नेमकी पेपर घेऊन बाईंकडे गेले होते, म्हणून मला हे दिसलं. पाळकसाहेब वाकून दारातून आत आले, खाटेवर बसले. बाईंनी चहा केला. बराच वेळ पाऊसपाणी, बदलीचं गाव, मुलांच्या शाळा असं बोलणं झालं. उठताना ते म्हणाले, "भाऊ, त्या वेळी मी तुम्हाला अफरातफरीची नोटीस द्यायला निघालो होतो."

"हो."

"दावा बरोबर होता, असं मी अजून म्हणतो."

"मीही म्हणतो," मानसिंगराव म्हणाले.

दोघंही किंचित हसले. पाळकसाहेबांनी प्रार्थना करू का विचारलं, आणि आम्ही चौघांनी त्या खोलीत माना खाली घातल्या. प्रार्थनेत त्यांनी दाव्याचं नाव काढलं नाही. बाईंच्या गुडघेदुखीसाठी आणि येणाऱ्या पावसासाठी मागितलं.

बाई निवृत्त झाल्यावर दोघं केमला राहायला गेले. तिथल्या मंडळीतला तो वडील माणूस अजून होता. पहिले काही महिने त्यानं यांच्याकडे पाहिलंही नाही. मग एका रविवारी पेटी वाजवायला कुणी नव्हतं, आणि सरोजिनीबाईंना वाजवता येते हे त्याला कळलं. तो येऊन उभा राहिला. "बाई, तेवढं वाजवता का?" बाई पुढं जाऊन पेटीवर बसल्या, आणि मानसिंगराव शेजारी उभे राहून एका हातानं भाता मारू लागले, कारण पेटी जुनी होती आणि वाजवणाऱ्याचा एक हात भात्याला पुरा पडत नव्हता.